चर्चचं दार आणि आतले बाक

(कोल्हापूर इथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा आयोजक मैत्रिणी म्हणाल्या, "तू तुमच्यातल्या बायकांबद्दल बोल." 'तुमच्यातल्या' हा शब्द थोडा टोचला, पण त्याची आता सवय आहे. पुढचं वाक्य मात्र मनात राहिलं. "तुमच्यात बरं असतं बाई. शिकलेल्या असता, नर्स होता, शिक्षिका होता, चर्चमध्ये नवऱ्याच्या शेजारी बसता."

बसतो खरं. आज मी त्या बाकाबद्दलच बोलणार आहे.

आधी आमची मंडळी म्हणजे काय ते सांगते, कारण इथल्या बऱ्याच जणी चर्चच्या फाटकाच्या आत कधी आलेल्या नसतील. १८५२ साली रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा हे अमेरिकन मिशनरी जोडपं कोल्हापुरात आलं. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च तुम्ही जाता-येता पाहिलं असेल. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणारे. पुढं इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन परंपरेचे लोकही इथं आले. त्यांच्यात बिशप असतो. अशा वेगवेगळ्या परंपरांची उत्तर भारतातली चर्चेस २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. बिशप राहिला, आणि निवडून आलेली कमिटीही राहिली. माझी मंडळी यातलीच. कोणती ते सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते एका मंडळीचं दुखणं नाही.

माझी आज्जी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली. ती सांगायची, गावात आम्हाला वरून ओंजळीत पाणी ओतत. चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकच प्याला सगळ्यांच्या ओठाला लागायचा. ज्यांना या देशात जात म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना यापुढं काही सांगायला नको. आणि दुसरी गोष्ट रजिस्टरची. बाप्तिस्म्याच्या वहीत तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं, शाईनं, तारखेसह. ज्या काळात बाई अमक्याची सून आणि तमक्याची आई म्हणूनच ओळखली जायची त्या काळात. मला अजून त्या वहीचा अभिमान आहे. मंडळीवर टीका करताना ही वही विसरणाऱ्या आमच्यातल्याच काही शिकल्या-सवरल्या लोकांचा मला राग येतो.

आजही कुणी आजारी पडलं तर संध्याकाळपर्यंत चार जणी डबा घेऊन हजर असतात. मयत झाली तर घरच्यांना चूल पेटवू देत नाहीत. नाताळात कॅरोल म्हणत आमची पोरं फिरतात तेव्हा गल्लीतली हिंदू, मुसलमान घरंही दार उघडून उभी असतात. 'इथं सर्वांचं स्वागत आहे' असं आमच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय, आणि ते खोटं नाही.

आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई, तिला नाव देत नाही. दोन मुलं, शिवणकाम करून घर चालवायची. नवरा पास्टरेट कमिटीवर, आवाज गोड, गायनाच्या गटात पुढं उभा राहणारा. मार खाल्लेला चेहरा ती ओढणीत झाकून यायची. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मागच्या बाकावरून तर फारच स्पष्ट दिसतं. एका रात्री ती मुलांना घेऊन माझ्या मावशीच्या घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत तक्रार देऊन आली.

आणि मग मंडळी हलली. मारामुळं नाही, तक्रारीमुळं. कमिटीची बैठक बसली. घरातली गोष्ट बाहेर नेली, मंडळीची साक्ष बिघडली, असं ठरलं. समेट होईपर्यंत तिनं प्रभुभोजनाला येऊ नये असं पाळकसाहेबांनी तिला घरी जाऊन सांगितलं, अगदी मऊ शब्दांत. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. तो पुढच्या रविवारी गात होता. त्याचं म्हणणं, मी क्षमा मागितली आहे. कुणाकडं मागितली, तर कमिटीकडं!

यात मी कुठं होते? हे सांगितल्याशिवाय मला इथं उभं राहायचा अधिकार नाही. मी एमएसडब्ल्यू झालेली, कौटुंबिक सल्ल्याचं काम करणारी. कमिटीनं माझ्यावर जबाबदारी टाकली की तू तिच्याशी बोल. मला बरं वाटलं, एका बाईच्या शिक्षणाची कदर झाली म्हणून. मी तिच्याबरोबर दोनदा बसले. दोन्ही वेळा मी जुळवून घेण्याबद्दल बोलले, रागाच्या वेळी गप्प राहण्याबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल, नवऱ्याच्या नोकरीवरच्या ताणाबद्दल. दोन्ही बाजू ऐकायच्या असं आम्ही शिकलो होतो. तिसऱ्या वेळी ती आली नाही. मावशीनं निरोप दिला, "ती म्हणते, पाळकसाहेब बायबल घेऊन सांगतात आणि ताई वही घेऊन सांगतात, सांगतात तेच."

मला ते झोंबलं. अजून झोंबतं.

मावशीबद्दल सांगायला हवं, कारण तिनं तिला विचारपूस न करता आत घेतलं त्याला कारण होतं. १९८०च्या दशकात मावशी स्वतः एका वकिलाकडं गेली होती. त्यांनी विचारलं, तुमचा नवरा दुसरीकडं जातो का? ती म्हणाली, नाही हो, घरीच असतो, घरीच मारतो. वकील म्हणाले, मग अवघड आहे. ते चुकीचं सांगत नव्हते. १८६९चा घटस्फोट कायदा आमच्यासाठी तसाच चालू होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नव्हता. त्याच्या जोडीला क्रूरता, किंवा दोन वर्षं टाकून दिलेलं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर फार तर कायद्यानं वेगळं राहता येई, सुटका नाही. त्याच कायद्यात नवऱ्याला बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागायची सोय होती, जशी कुणी आपलं पीक खाल्लं म्हणून मागावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात या भेदभावावर बोट ठेवलं आणि संसदेनं २००१ साली कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षं! ख्रिस्ती बायकांच्या संघटना त्याआधी किती वर्षं मसुदे घेऊन दिल्लीच्या पायऱ्या झिजवत होत्या. त्यात चर्चचेही काही लोक बरोबर होते, हेही नोंदवते. बदलानंतरही परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्यात एक वर्ष वेगळं राहणं पुरतं तिथं आमच्या कायद्यात दोन वर्षं लिहिली गेली. का, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मावशी परत घरी गेली आणि नवरा वारेपर्यंत तिथंच राहिली. चर्चला एक रविवार चुकवला नाही.

नीती म्हणजे काय हे चर्चमध्ये कोण ठरवतं, हा प्रश्न नवा नाही. १८८८ साली जगभरच्या अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथची परिषद भरली. अनेक बायका असलेला पुरुष ख्रिस्ती व्हायला आला तर काय करायचं यावर त्यांनी ठराव केला की त्याला बाप्तिस्मा देऊ नये. त्याच्या बायकांना मात्र काही बाबतीत द्यावा. म्हणजे त्याला आत यायचं तर एक ठेवून बाकीच्या सोडायच्या. सोडलेल्या बाईनं मुलं घेऊन कुठं जायचं याची चिंता त्या ठरावाला नव्हती. तिला सोडायची सक्ती नको, असं १९८८च्या परिषदेत म्हटलं गेलं. शंभर वर्षांनी. मला यात दुष्टपणा दिसत नाही. खोलीत तिच्या बाजूनं बसलेलं कुणी नव्हतं, एवढं दिसतं.

आणि खोलीत बाई असली की काय होतं तेही आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये झाला. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी सूचना निघाली तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणे मायदेशी त्यांची पत जाईल. ज्या बाईनं भरसभेत शास्त्री-पंडितांशी वाद घातले तिला हे सांगत होते! रमाबाईंनी पत्रांमधून स्पष्ट कळवलं की धर्म स्वीकारला म्हणजे स्वतःची विवेकबुद्धी कुणाच्या स्वाधीन केलेली नाही. त्या चर्च सोडून गेल्या नाहीत. गप्पही बसल्या नाहीत. आमच्या संडे स्कूलमध्ये रमाबाईंची गोष्ट सांगतात, केडगावचं मुक्ती मिशन सांगतात, अनाथ मुली सांगतात. ही पत्रं सांगत नाहीत.

पुन्हा आमच्या मंडळीकडं येते. बंदीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. ती बाई मावशीशेजारी बसली होती. एकेक बाक उठून पुढं जात होता. मावशीच्या बाकाची पाळी आली आणि मावशी उठली नाही. गुडघे दुखत असतील असं आधी वाटलं. मग तिच्या मागची उठली नाही, मग पलीकडची. सात-आठ बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही. मी उभी होते, रांगेत. परत फिरून बसायला मला जो वेळ लागला तो मला फार मोठा वाटला.

त्यानंतर कमिटीला बैठक घ्यावी लागली. तीन महिन्यांनी बंदी उठली. तो माणूस कमिटीवरून उतरला, पण काढला असं म्हटलं गेलं नाही, 'प्रकृतीच्या कारणानं' लिहिलं गेलं. ज्या काकींनी उभं राहून याला विरोध केला त्यांना आजही काही जण पाठमोरं बोलतात. कोर्टातली केस चालू आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली तिला राहतं घर मिळालं. तो कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे हे आमच्या महिला मंडळात दोघींनाच माहीत होतं.

तुमच्याकडून मला एक हवंय. आमच्याकडं या, पण आम्हाला धर्मातून सोडवायला येऊ नका. त्या बाईला एका संघटनेच्या कार्यकर्तीनं कळकळीनं विचारलं होतं, "मग तू जातेसच कशाला तिथं?" ती नंतर मला म्हणाली, "माझ्या आईला तिथंच पुरलंय, माझी पोरं तिथंच गातात. मी का जाऊ बाहेर? त्यानं जावं." आणि दुसरं, लग्न लावणारा पाळक १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली रजिस्टर ठेवतो, ते सरकारी कामच आहे. तेव्हा त्याला कायद्याची भाषा विचारायला संकोच करू नका. आमच्या बायका विचारायला कचरतात. बरोबर बाहेरची एक असली की विचारतात, हा माझा अनुभव आहे.

तिची मुलगी यंदा दृढीकरणाच्या वर्गाला बसली आहे. वर्ग शनिवारी संध्याकाळी असतो. आई तिला सोडते आणि आत न येता बाहेरच्या कट्ट्यावर शिवणाचं काम घेऊन बसते. बंदी उठून तीन वर्षं होऊन गेली, रविवारी ती येते, पण प्याल्यापर्यंत अजून गेलेली नाही. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला बोलावलं होतं ते तुम्ही ऐकलं. मला सॉरी कोण म्हणालं?"

मी म्हणाले. कमिटीचं अजून कुणी म्हणालेलं नाही. पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि विषयपत्रिकेत हा विषय घालावा असं पत्र आम्ही अकरा जणींनी सह्या करून दिलं आहे.