आकाशाचे गणित मांडणाऱ्या तीन स्त्रिया

(वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंतांच्या कौतुकाचे चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. कौतुक आपण टाळ्यांनी केलेच आहे. म्हणून मी एका दूरदेशीच्या बापाची व त्याच्या लेकीची हकीकत सांगणार आहे.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या लहानशा गावी, १९१८ साली जोशुआ कोलमन या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या घरी कॅथरिन ही कन्या जन्मास आली. चार भावंडांत ती धाकटी. दिसेल ते मोजावयाचे, हा तिचा बालपणीचा छंद. परंतु त्या भागात कृष्णवर्णीयांच्या मुलांना आठवीपुढे शाळाच नव्हती. कोलमन काही धनिक नव्हते. तथापि त्यांनी सुमारे १२० मैलांवरील इन्स्टिट्यूट या गावी बिऱ्हाड केले. शाळेच्या दिवसांत आई मुलांना घेऊन तेथे राही. वडील मागे राहून कष्ट करीत. हीच मुलगी १९३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी पदवीधर झाली. तिची बुद्धी पाहून क्लेटर नावाच्या प्राध्यापकांनी वैश्लेषिक भूमितीचा एक अभ्यासक्रम खास तिच्यासाठी सिद्ध केला होता.

पुढे १९५३ साली ती व्हर्जिनियातील लँगली येथील विमानविद्येच्या संशोधनकेंद्रात दाखल झाली. त्या काळी 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसाचे नाव होते! महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, तेथे कृष्णवर्णीय स्त्रियाही या कामावर घेण्यात येऊ लागल्या. काम तेच, परंतु बसावयाची जागा वेगळी, भोजनगृहातील मेजही वेगळे. या विभागाच्या प्रमुखपदी १९४९ साली डॉरोथी व्हॉन या एकेकाळच्या शिक्षिकेची नेमणूक झाली. त्या संस्थेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षिका. गणकयंत्रे येणार व हाताने गणित करणाऱ्यांची गरज सरणार, हे ओळखून त्या स्वतः यंत्राची फोर्ट्रान ही भाषा शिकल्या आणि आपल्या सहकारी स्त्रियांनाही त्यांनी ती शिकविली.

त्याच केंद्रात मेरी जॅक्सन होत्या. अभियंता होण्यासाठी त्यांना आणखी शिकणे भाग होते. परंतु ते वर्ग भरत गोऱ्यांच्या शाळेत. तेथे बसण्यासाठी त्यांना हॅम्प्टन नगराकडून खास परवानगी मिळवावी लागली. त्यांनी ती मिळविली, अभ्यास पुरा केला, आणि १९५८ साली त्या 'नासा'तील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-अभियंता झाल्या. आज वॉशिंग्टन येथील 'नासा'च्या मुख्यालयाला त्यांचेच नाव आहे.

आता पुन्हा कॅथरिनकडे वळू. विवाहानंतर त्या कॅथरिन जॉन्सन झाल्या होत्या. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन हे अंतराळवीर पृथ्वीला प्रदक्षिणा घालावयास निघाले. मार्गाचे गणित यंत्राने केले होते. परंतु ग्लेन यांचा यंत्रावर पुरता विश्वास बसेना. जॉन्सनबाईंनी तेच गणित स्वतः करून पाहावे, तिचे आकडे जुळले तर आपण निघण्यास सिद्ध आहोत, असे त्यांनी कळविले. बाईंनी मेजावरच्या साध्या गणनयंत्रावर सारे आकडे पुन्हा पडताळले. ते जुळले, आणि ग्लेन तीन प्रदक्षिणा पूर्ण करून सुखरूप परतले. ज्या देशात तिला आठवीपुढे शाळा नव्हती, त्या देशाच्या वीराने आपला प्राण तिच्या अंकगणितावर सोपविला! राष्ट्राचा सर्वोच्च नागरी सन्मान मात्र तिला मिळाला तो २०१५ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. २०२० साली, एकशेएक वर्षांचे आयुष्य भोगून ती निवर्तली.

बंधुभगिनींनो, आपण जन्माच्या नात्याने येथे एकत्र आलो आहोत. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा दोष केवळ अमेरिकेचा, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. बुद्धी कोणाच्या घरी जन्म घ्यावा, हे कोणास विचारून ठरवीत नाही. तिच्यासाठी वाट मोकळी करणे, एवढेच आपल्या हाती असते.

येथे जमलेल्या पालकांना माझी नम्र विनंती आहे. मुलगी शिक्षणासाठी दूर जावयाचे म्हणेल, तेव्हा अंतराचे कारण पुढे करण्यापूर्वी त्या १२० मैलांचे स्मरण करावे. आणि मंडळाच्या चालकांना एक सूचना. आपण पारितोषिक देतो ते निकाल लागल्यानंतर. परंतु जिची शाळा पैशावाचून किंवा राहण्याच्या सोयीवाचून सुटू घातली आहे, तिचे नाव आपल्या यादीत कधीच येत नाही. पुढील वर्षी निधीतील एक वाटा अशा मुलींसाठी राखून ठेवावा. त्यांतील एखादी उद्या कोणते गणित सोडवील, हे आज कोणी सांगावे?