आडोसा

मैत्रिणींनो, सरोवराचे फोटो नंतर बघा. आधी पाण्याचं सांगते.

मनालीजवळचं भृगू सरोवर, उंची सुमारे ४,३०० मीटर. जूनच्या सुरुवातीला आम्ही सातजणी निघालो. खाली पावसानं बूट भिजलेले, वर बर्फ. पहाटे तो कडक असतो तोवर चालायचं; ऊन चढलं की पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

झाडं खालीच संपलेली, आडोसा कुठेच नाही. वाटाडे पुरुष. मग काय, कुणी पाणीच पिईना! एस.टी.तली, मोर्च्यातली आपली जुनी सवय. पण तिथली हवा विरळ, कोरडी. धापेबरोबरही अंगातलं पाणी जातं. डोकं ठणकायला लागलं की ते उंचीनं की तहानेनं, कळत नाही.

शेवटी आमच्यातली थोरली वाटाड्याला म्हणाली, "भैया, आप आगे चलिए, पीछे मत देखिए." तो मुकाट गेला. दोघींनी शाल धरली. इतकं सोपं होतं!

सरोवर निम्मं गोठलेलं होतं. आम्ही पाचजणीच पोचलो. दोघी डोकेदुखीनं आदल्या दिवशीच खाली उतरल्या होत्या. पाणी किती प्यायलात, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.