फुकटाचे औषध



काँप्युटरच्या रोगावर या व्यासपीठावरून बोलावे लागेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पण पीएम किसानच्या नावाची खोटी एपीके फाइल व्हॉट्सॲपवर फिरली आणि ती उघडणाऱ्या शेतकऱ्यांच्या खात्यांतून पैसे गेले. याला ट्रोजन म्हणतात. वरून योजना, आत चोर. फोनवर आलेला ओटीपी तो परस्पर वाचतो.

मग माणूस फुकटचे औषध शोधतो. आमच्या कचेरीतही शोधले. 'फुकट सफाई' म्हणून उतरवलेल्या प्रोग्रामने मशीनभर व्हायरस दाखवले आणि काढायचे पैसे मागितले. तोच ट्रोजन निघाला! बोगस बियाण्यावर बोगस फवारणी.

खरे औषध घरातच होते. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो, त्याला वेगळा पैसा पडत नाही. त्याचे 'ऑफलाइन स्कॅन' लावले की मशीन पुन्हा सुरू होते आणि विंडोज उठण्याआधीच झडती होते. त्या वेळी ट्रोजनला लपणे अवघड जाते. शिवाय केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून सफाईची फुकट साधने ठेवली आहेत. सरकारचे कौतुक आम्ही क्वचितच करतो, हे करतो.

फोनवर प्ले स्टोअरमधले प्ले प्रोटेक्ट चालवा. मात्र पैसे गेले असतील तर आधी इंटरनेट बंद, दुसऱ्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवा. सफाई त्यानंतर. पासवर्डही त्या दुसऱ्या फोनवरूनच बदला.