गंधक खाणारे जंतू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुसेगावात उभे राहून समुद्राच्या तळाची गोष्ट सांगायची म्हणजे थोडे धाडसच. परंतु आपल्यापैकी पुष्कळजणी लोणारला जाऊन आल्या असतील. तेथे तळ्याच्या काठी नासक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्या वासाचीच ही गोष्ट आहे.

हा वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. तो करणारे जंतू जेथे हवा पोचत नाही अशा चिखलात राहतात. प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते पाण्यात विरघळलेल्या सल्फेटावर भागवतात. सल्फेटात गंधकाला प्राणवायू जोडलेला असतो. जंतू तो काढून घेतात आणि उरलेला गंधक या वायूच्या रूपाने बाहेर टाकतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. तेव्हा तेथे त्यांना वाण कशाची?

दुसऱ्या जातीचे जंतू हे विषच खातात. वायूचा प्राणवायूशी संयोग घडवायचा आणि त्यातून सुटणाऱ्या शक्तीवर आपले अन्न तयार करायचे, जसे झाड उन्हावर करते. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोल, शास्त्रज्ञांना ऊन पाण्याचे झरे सापडले. आपल्या उनकेश्वराला आहे तसेच, पण समुद्राच्या तळाशी, मिट्ट काळोखात! तेथे पुरुषभर लांबीचे किडे नळ्यांतून राहतात. त्यांना तोंड नाही, आतडे नाही. अंगातच हे जंतू पाळलेले. किड्याचे लाल रक्त जंतूंना तो वायू व प्राणवायू दोन्ही पोचवते, आणि जंतू त्याला जेवू घालतात. सूर्यावाचून चाललेला संसार, असे याचे वर्णन करतात. मला ते पुरते पटत नाही. जंतूंना लागणारा प्राणवायू वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच केलेला असतो.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था यांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोल असलेल्या अशाच एका जागेची छायाचित्रे घेतल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले.

आता एवढ्या लांबून घरी येऊ. या दोन्ही जातींचे भाऊबंद आपल्या शौचालयाच्या बंद टाकीत नांदत असतात. खालच्या मैल्यात पहिले तोच वायू करतात. वर, झाकणाच्या ओलसर पाठीला दुसरे चिकटलेले असतात. ते वायू खातात खरे, पण त्यांच्या हातून गंधकाचे तीव्र अम्ल तयार होते, आणि ते सिमेंट खाते. वरून धडधाकट दिसणारा स्लॅब खालून खडूसारखा भुसभुशीत होत जातो. त्याच स्लॅबवर आपण हळद वाळत घालतो, पोरे उड्या मारतात.

वायूचे तर त्याहून वाईट. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचून राहतो. थोडा असला की वास येतो. फार असला की नाकाची शक्तीच मारतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग बाप उतरतो. एका घरातली दोन-तीन माणसे अशी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या यामुळेच. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे उपयोगाची नाही. टाकीत पेट घेणारे वायू असतात, भडका उडेल.

संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसा पंप बसवलेल्या टँकरने करून घ्यावा. वायू निघून जाण्यासाठी टाकीला उंच नळी असावी व तिच्या तोंडाला जाळी बांधावी. टँकर येईल त्या दिवशी झाकण उघडेच असते. तेव्हा त्याची खालची बाजू गवंड्याकडून पहारीने ठोकून पाहून घ्यावी, खपल्या पडू लागल्या तर स्लॅब बदलावा, आणि तोवर पोरांना तिकडे फिरकू देऊ नये.