परसबागेतील नवे वाण आणि जुने बी

(रहाटणी येथे परसबाग करणाऱ्या कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पवनेकाठच्या रहाटणीत शेतांची जागा आता इमारतींनी घेतली आहे. तरीही अंगणातल्या वाफ्यात व गच्चीवरील कुंड्यांत आपण भाजीपाला पिकविता, ही समाधानाची गोष्ट आहे. दर हंगामाला एखादे नवे वाण लावून पाहण्याची हौस आपल्यापैकी अनेकांना आहे. ती उपयुक्तच आहे. भेंडीचेच पाहा. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने दिलेली ‘पुसा सावनी’ सुरुवातीस पिवळ्या शिरांच्या रोगाला, म्हणजे हळद्याला, दाद देत नसे. पुढे ती शक्ती ओसरली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच वाणाचा एका रानटी जातीशी संकर करून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आणली. कालांतराने तिच्यावरही हळद्या दिसू लागला. पांढरी माशी ज्याचा प्रसार करते तो विषाणू बदलत राहतो. कोणतेही वाण कायमचे पुरत नाही.

मात्र नवे वाण जुन्याशेजारीच, त्याच दिवशी व त्याच खतावर लावावे. एरवी पीक चांगले आले तर श्रेय वाणाचे की पावसाचे, हे कसे कळावे?

खरी काळजी बियाण्याची आहे. पाकिटावर ‘संकरित’ असे लिहिले असेल, तर त्या फळांचे बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. आपल्यापैकी अनेकजण नोकरीनिमित्त येथे आले आणि गावाकडचे घेवड्याचे, वांग्याचे बीही बरोबर घेऊन आले. नव्याच्या नादात ते एकच हंगाम लावायचे राहून गेले, असे म्हणता म्हणता त्याची उगवणशक्ती जाते. आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी जतन केले. २०२० च्या पद्म सन्मानांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

टोमॅटो व घेवडा यांचे बी राखणे सोपे. त्यांचे परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होते. भेंडीवर मधमाश्या येतात, म्हणून उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळीला कागदी पिशवी बांधावी. दुधी व कारले यांच्या दोन जाती जवळजवळ असल्या, तर त्यांचे बी भेसळ होते. बी सावलीत नीट वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे, आणि बरणीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे.