वाजविणारे खुर्चीवर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस आरोग्याविषयी बोलण्याची सूचना केली होती. परंतु रक्तदाब आणि मधुमेह या विषयांवर आम्ही गेली अनेक वर्षे आपणांस पुरेसे छळले आहे. म्हणून या वर्षी अध्यक्षांची परवानगी घेऊन एका प्रवासाविषयी बोलतो. आवडता वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्यासाठी १९९९ च्या मार्च महिन्यात आम्ही सहकुटुंब ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो.

१९९३ साली आम्ही या देशात रेसिडेन्सीसाठी आलो. रात्रपाळीतील एका सहकाऱ्याने आम्हांस प्रिझर्व्हेशन हॉल जॅझ बँडची एक ध्वनिफीत दिली. पहाटे घरी परतताना मोटारीत ती ऐकण्याचा आम्हांस नादच लागला. त्यात क्लॅरिनेट वाजविणारे विली हम्फ्री १९०० साली जन्मलेले, आणि ट्रम्पेट वाजविणारे त्यांचे बंधू पर्सी चार वर्षांनी धाकटे. नव्वदीच्या घरात माणसाला जिना चढताना धाप लागते, हे आम्ही रोज पाहत होतो. त्या वयात हे गृहस्थ ओठ आणि फुप्फुसे यांच्या बळावर सभागृहे भरवीत होते. एकदा जाऊन ऐकायचे असे आम्ही ठरविले, आणि रजेअभावी पुढे ढकलीत राहिलो. विली १९९४ मध्ये निवर्तले, पर्सी १९९५ मध्ये. साडेतीनशे मैलांवर राहून आम्हांस ते साधले नाही, याची रुखरुख आजही आहे.

१९९९ साली आमचे वडील, अण्णा, आमच्याकडे आले होते. ही ध्वनिफीत लावली की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. एकदा स्पष्टच म्हणाले, "अरे, हा बाजा घरात कशाला?"

त्याचे कारण आम्हांस ठाऊक होते. अण्णांचे वडील खालुबाजात सनई वाजवीत असत. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी लग्न कोणाचेही असो, ढोल, टिमकी आणि सनई घेऊन आमच्या वाडीतील माणसांनी जायचे, असा रिवाज होता. रिवाज म्हणजे हुकूमच. मांडवाबाहेर जमिनीवर बसायचे, सर्वांच्या पंगती उठल्यावर उरेल ते घ्यायचे, आणि बिदागी किती हे देणाऱ्याने ठरवायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाडीने बाजा बंद केला. आजोबांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि पुन्हा हाती घेतली नाही. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते. पुढे ते प्राथमिक शिक्षक झाले. आमच्या घरात पुस्तके आली, वाद्य कधी आले नाही. आमच्या विवाहातही बँड नव्हता.

असे अण्णा न्यू ऑर्लिन्सला आले, ते केवळ त्यांना घरी एकटे ठेवणे शक्य नव्हते म्हणून. इंटरस्टेट १० धरून आम्ही निघालो. बोमाँट मागे पडले, लेक चार्ल्स आले, लाफायेत गेले. त्यापुढे अचाफलायाच्या दलदलीवरील सुमारे अठरा मैलांचा पूल आहे. दोन्ही बाजूंस पाण्यात उभी असलेली झाडे पाहून अण्णा प्रथमच खुलले. खाडीची आठवण झाली असावी. ती वेळ साधून आम्ही त्यांना हम्फ्री बंधूंच्या आजोबांची गोष्ट सांगितली. प्रोफेसर जिम हम्फ्री म्हणून ते ओळखले जात. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात ते न्यू ऑर्लिन्सहून आगगाडीने आसपासच्या मळ्यांवर जात आणि तेथील कृष्णवर्णीय मजुरांना व त्यांच्या मुलांना वाद्ये आणि स्वरलिपी शिकवीत. शिक्षक म्हणताच अण्णा सावरून बसले. "म्हणजे मास्तरच की," एवढेच म्हणाले.

प्रिझर्व्हेशन हॉल ही वास्तू सेंट पीटर रस्त्यावर आहे. ती पाहून आमच्या पत्नीने विचारले, "हेच का ते?" रंग उडालेल्या भिंती, जुनी लाकडी जमीन, लहानशी खोली. ध्वनिवर्धक नाही, मद्यविक्री नाही. त्यामुळे लहान मुलांनाही प्रवेश होता आणि आमची पाच वर्षांची कन्या बरोबर येऊ शकली. १९६१ मध्ये ॲलन आणि सँड्रा जाफे या तरुण दांपत्याने हे ठिकाण चालवावयास घेतले. लुझियानात तेव्हा वर्णभेद कायद्यानेच चालत होता. कृष्णवर्णीय वयोवृद्ध वादकांना मानाने वाजविता यावे आणि काळ्यागोऱ्या श्रोत्यांनी एका खोलीत बसून ऐकावे, ही त्या काळी साधी बाब नव्हती.

आम्ही तासभर रांगेत उभे राहिलो. आत पुढच्या लोकांना जमिनीवर गाद्या, त्यामागे थोडी बाके, उरलेल्यांनी उभे राहायचे. अण्णांना बाकावर जागा मिळाली. आम्ही कन्येसह जमिनीवर बसलो. वादक आले, खुर्च्यांवर बसले, कोट सारखे केले आणि वाजवू लागले.

त्या संगीताचे वर्णन करण्याचा आमचा अधिकार नाही. इतकेच सांगतो, की ध्वनिफितीत जे ऐकू येत नाही ते तेथे ऐकू येते: क्लॅरिनेट वाजविणाऱ्याने सुरापूर्वी घेतलेला श्वास, ट्रम्पेटच्या कळांची टकटक, जमिनीवर पडणारा बुटाचा ठेका. मागे वळून पाहिले, तर अण्णा वादकांकडे पाहत नव्हते. त्यांची दृष्टी भिंतीवरील एका फलकावर होती. फर्माईशीचे दर त्यावर लिहिलेले होते. जुन्या परंपरेतील गाण्याला कमी, इतर गाण्यांना अधिक, आणि जो तो मागतो त्या 'सेंट्स'ला सर्वांत जास्त. रोज रोज तेच वाजवून वादक कंटाळतात, म्हणून.

बाहेर पडल्यावर अण्णांनी विचारले, "तो दर कोणी लावला?"

आम्ही म्हणालो, "हॉलवाल्यांनी. वाजविणाऱ्यांसाठीच."

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वाजविणारे खुर्चीवर आणि ऐकणारे जमिनीवर. असे मी पाहिले नव्हते."

पर्सी हम्फ्री दिवसा विम्याचे काम करीत आणि याच हॉलचे बँजोवादक नार्विन किंबॉल टपाल खात्यात नोकरी करीत, हेही आम्ही त्यांना सांगितले. कोणी बोलावले म्हणून त्यांना जावेच लागे, असे नव्हते. यावर अण्णा काही बोलले नाहीत. रात्री मॉटेलमध्ये दिवा मालवल्यावर म्हणाले, "बाबांनी सनई ठेवली, ते बरोबरच केले. त्यांच्या बाजाचा दर त्यांनी लावलेला नव्हता." आणि मग, "पण ते वाजवीत फार चांगले." आजोबांच्या वादनाविषयी त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले हे पहिलेच वाक्य. आजोबा कोणते सूर वाजवीत हे विचारावयास हवे होते. आम्ही विचारले नाही.

रविवारी दुपारी एका मंडळाची मिरवणूक पाहण्याचा योग आला. त्या शहरात अशी मंडळे जुनी आहेत. एकाची स्थापना तर १८८४ ची. विमा कंपन्या आणि रुग्णालये ज्यांना दारात उभे करीत नसत, अशा लोकांनी वर्गणी काढून ती उभारली. वर्गणीतून सभासदाला डॉक्टर मिळे, औषध मिळे आणि मृत्यू आला तर बँडसह सन्मानाने अंत्ययात्रा मिळे. स्मशानापर्यंत संथ सूर आणि निरोप दिल्यानंतर परतताना नाचाचे. आमच्या व्यवसायबंधूंचे वेतन आणि ट्रम्पेटवाल्याची बिदागी एकाच पेटीतून निघे, ही माहिती आम्हांस वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती. मिरवणुकीत बँडच्या मागे कोणीही सामील होतो. आमची कन्या नाचू लागली. गुडघ्यांची तक्रार असलेले अण्णा दोन चौक चालले. आम्ही त्यांना थांबा म्हणालो नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले आणि त्या शहरातील हजारो माणसे बसमधून ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये आली. तेथे आम्ही काही दिवस रुग्ण तपासले. एक वृद्ध गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले. घर बुडाले का, असे विचारता त्यांनी मान हलविली आणि ट्रॉम्बोन पलंगाखाली राहिला, असे सांगितले. आम्ही गोळ्या दिल्या. त्याहून अधिक देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

त्याच वर्षी आमची कन्या सहावीत गेली आणि शाळेच्या बँडसाठी तिने क्लॅरिनेट निवडले. डिसेंबरमध्ये पहिला कार्यक्रम झाला. त्या रात्री आम्ही गावी दूरध्वनी लावला आणि तिने अण्णांना एक लहानशी धून वाजवून दाखविली. मधे दोनदा सूर फाटला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अण्णांनी विचारले, "शाळेत बसून वाजवतेस ना? खुर्चीवर?"

"हो, आजोबा," ती म्हणाली, "पहिल्या रांगेत."