दोन मूव्हज शिकव ना, ताई

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय कोड, करिअर, पगारवाढ यातला नाहीये.

मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा कऱ्हाडहून फोन आला. तिला हिंजवडीत पहिली नोकरी लागलीय. मस्त खुशीत होती. बोलता बोलता म्हणाली, "ताई, तू ज्युदोला जातेस ना? मी शनिवार-रविवार येते तुझ्याकडे. मला दोन मूव्हज शिकव. कोणी अंगावर आलं तर सरळ आपटता आला पाहिजे."

मी 'हो ये की' म्हटलं आणि फोन ठेवला. मग विचार करत बसले. दोन दिवसांत हिला शिकवू काय? कारण अडीच वर्षांपूर्वी मला पण नेमक्या दोन मूव्हज येत होत्या, आणि त्यांचं काय झालं ते फक्त मला माहितीये. आज ते तुम्हाला सांगते.

तर लॉकडाऊननंतर ऑफिस परत सुरू झालं तेव्हा मी यूट्यूबवर सेल्फ-डिफेन्सचे व्हिडिओ बघायला लागले. कोणी मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूला हात फिरवून झटका द्यायचा, हात सुटतो. मागून धरलं तर वाकून कोपर मारायचं. रूममेटसोबत हॉलमध्ये पन्नासेक वेळा केलं असेल. दर वेळी हात सुटायचा. वाटलं, आलं आपल्याला.

मग एक रात्र. सव्वाअकरा झाले होते. कॅब गल्लीच्या तोंडाशी सोडायची, तिथून घर दोन-तीन मिनिटांवर. एका माणसाने बाइक आडवी घातली. काहीतरी पत्ता विचारल्यासारखं केलं आणि माझं मनगट धरलं.

मी काहीच केलं नाही.

अंगठा कुठे, झटका कुठे, काही आठवलं नाही. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. पाय जड. किती वेळ गेला माहीत नाही, पाच सेकंद असतील. तेवढ्यात पुढच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी टॉर्च मारला आणि 'कोण आहे रे' म्हणून हाक दिली. तो माणूस गेला. मी घरी आले, दार लावलं आणि आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी स्टँडअपला वेळेवर हजर होते.

कोणालाच सांगितलं नाही. बाबांना सांगितलं असतं तर 'परत ये' म्हणाले असते. आणि खरं सांगू? त्या माणसाच्या रागापेक्षा स्वतःचा राग जास्त आला होता. एवढं शिकून मी दगडासारखी उभी कशी राहिले?

हे मला पुढे कळलं, तुम्ही आत्ताच ऐकून ठेवा. धोका दिसला की शरीर लढतं किंवा पळतं एवढंच आपल्याला माहीत असतं. तिसरी गोष्ट म्हणजे गोठणं. ते आपण ठरवून करत नाही, शरीर परस्पर करतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, नजर अरुंद होते, बोटांची बारीक कामं जमत नाहीत. म्हणजे त्या क्षणी बोटांच्या नाजूक कसरतीवर अवलंबून असलेली युक्ती सगळ्यात आधी दगा देते. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी कधी अशी गोठली असेल, किंवा गोठला असेल, तर तो तुमचा दोष नाही. तुम्ही 'चालवून घेतलं' असा त्याचा अर्थ होत नाही.

पुढच्या महिन्यात मी घराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ज्युदोच्या वर्गाला नाव घातलं. संध्याकाळी सात ते साडेआठ. निम्मा वर्ग शाळकरी पोरांचा, आम्ही मोठे पाच-सहा जण. पहिल्याच दिवशी मी सरांना माझी मनगटाची मूव्ह ऐटीत सांगितली. त्यांनी अकरावीतल्या एका मुलाला बोलावलं. म्हणाले, "धर ताईंचा हात. आणि सोडायचा नाही हं."

नाही सुटला. तीनदा प्रयत्न केला, मनगट लाल झालं, तो बिचारा 'सॉरी ताई' म्हणत होता तरी हात सुटेना. सर म्हणाले, "युक्ती चुकीची नाही तुमची. पण आजपर्यंत ज्याने हात धरला, त्याला सोडायचाच होता."

आपल्या भाषेत सांगायचं तर मी फक्त सगळं नीट चालणारा केस टेस्ट केला होता. माझ्या मशीनवर चालतंय म्हणून थेट प्रॉडक्शनला टाकलं!

ज्युदोत यासाठी रांदोरी असते. समोरचा खराखुरा विरोध करतो, तुम्ही पण करता, नियम पाळून. पहिल्या रांदोरीत मला एका मिनिटात धाप लागली. पण तीन-चार महिन्यांनी एक बदल जाणवला. कोणी जोरात अंगाला धरलं तरी डोकं बंद पडेना. श्वास चालू राहायचा. पट्ट्यापेक्षा ही कमाई मोठी, असं मला वाटतं. मार्शल आर्ट कुठलीही घ्या, कराटे, बॉक्सिंग, कुस्ती, पण वर्ग निवडताना एकच बघा: तिथे विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव होतो का? नुसतं हवेत हात चालवणं असेल तर व्यायाम छान होईल, बाकी फार नाही.

थोडा इतिहास सांगते, मला आवडतो म्हणून. ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो अंगाने किरकोळ होते. शाळेत मोठी मुलं त्रास द्यायची म्हणून ते जुजुत्सू शिकले. १८८२ साली टोकियोतल्या एका मंदिरात, बारा चटयांच्या जागेत त्यांनी स्वतःची शाळा काढली, कोदोकान. जुन्या जुजुत्सूमधले धोकादायक प्रकार सरावातून बाजूला काढले, म्हणजे उरलेलं पूर्ण ताकदीने करून बघता येईल. त्यांचा मुद्दा साधा होता: आधी समोरच्याचा तोल मोडा, मग फेका. तोल गेलेल्या माणसाला पाडायला कमी ताकद लागते. १९६४ला ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला, पण बायकांना पदकासाठी खेळायला १९९२च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं. आणि २०२२च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये आपल्या सुशीला देवी आणि तूलिका मान या दोघींनी रौप्य आणलं. बघितलं नसेल तर त्यांच्या लढती शोधून बघा.

आता मेन मुद्दा. अडीच वर्षांत मला याचा उपयोग किती वेळा झाला? दोनदा. आणि दोन्ही वेळा मी कोणाला आपटलं नाही.

पहिली वेळ पावसाळ्यातली. स्कूटर घसरली. आपण पडताना हात पुढे टेकवतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. ज्युदोत पहिले कित्येक आठवडे फक्त पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, श्वास सोडायचा, हात टेकवायचा नाही, अख्खा हात अंगापासून थोडा तिरका ठेवून मॅटवर सपाट मारायचा. मला तेव्हा भारी कंटाळा यायचा. पण त्या दिवशी मी कुशीवर लोळले, हात आपोआप मिटला गेला. मांडी आठवडाभर काळीनिळी होती, हाड मात्र शाबूत. हेल्मेट होतं, थोडं नशीबही असेल.

दुसरी वेळ बसमधली. मागचा माणूस मुद्दाम चिकटत होता. मी वळले, दोन्ही तळवे छातीसमोर धरले आणि मोठ्याने म्हटलं, "मागे व्हा! मी तुम्हाला ओळखत नाही. मागे व्हा!" अख्ख्या बसने बघितलं. एका मावशींनी त्याला झापलं, पुढच्या स्टॉपला तो उतरला. इथे मी 'तुम्ही' म्हणाले ते मान द्यायला नाही. 'ए, सोड मला' असं ओरडलं की आजूबाजूच्यांना वाटतं, ओळखीतलं भांडण आहे, आपण कशाला पडा मध्ये. 'ओळखत नाही' आणि 'तुम्ही' म्हटलं की हा परका आहे हे लगेच कळतं. आणि हो, तो आवाजही सरावानेच आला. सर आम्हाला हॉलच्या दोन टोकांना उभं करून ओरडायला लावायचे. पहिल्या दिवशी माझा आवाज मधेच विरला होता.

मी एकदा सरांना विचारलं, "समोरच्याकडे चाकू असेल तर कुठला थ्रो?" ते म्हणाले, "धावण्याचा." पर्स मागितली तर पर्स द्यायची, मोबाइल मागितला तर मोबाइल. ईएमआय संपला नसला तरी!

कायद्याचंही थोडं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. स्वतःचं शरीर वाचवायला, दुसऱ्याचंही वाचवायला, बळ वापरायचा हक्क तुम्हाला आहे. पण गरजेपेक्षा जास्त नाही. तो पळायला लागला आणि तुम्ही मागे धावून मारलं, तर ते संरक्षण उरत नाही. आणि ११२ हा नंबर देशभर चालतो. आत्ता, हा एपिसोड ऐकता ऐकता, फोनच्या सेटिंगमध्ये 'एसओएस' शोधा आणि तुमच्या मॉडेलला कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते बघून ठेवा. गल्लीत उभं राहून ते शोधता येत नाही.

मग घरच्या घरी, एकटीने काही शिकता येतं की नाही? येतं ना. दोरीवरच्या उड्या, शंभर मीटर जीव तोडून धावणं, आरशासमोर 'मागे व्हा' म्हणणं. व्हिडिओ बघून एखादी मूव्ह समजून घेता येते, पण ती अंगात उतरवायला विरोध करणारं दुसरं माणूस लागतं. आणि पडायचा सराव फरशीवर एकटीने करू नका, प्लीज. मॅट आणि शिकवणारं कोणीतरी हवंच.

तर बहीण शनिवार-रविवारसाठी येतेय. दोन मूव्हज मी तिला शिकवणार नाहीये. सकाळी वर्गाला नेणार, सरांना विचारून ठेवलंय. आधी पडायला शिकेल, मग ओरडायला. तेव्हा अकरावीत असलेल्या त्या मुलाला तिचा हात धरायला सांगणार. सुटणार नाही, रागावेल माझ्यावर. रागावू दे. हिंजवडीतली रूम बघायला जाऊ तेव्हा कॅब कुठे सोडते आणि तिथून दारापर्यंत उजेड किती, ते दोघी चालून बघू.

पण त्याच्याही आधी, शुक्रवारी रात्री जेवण झालं की, मी तिला ती सव्वाअकराची रात्र सांगणार आहे. अडीच वर्षं घरात कोणाला सांगितली नव्हती. तिच्यावर उद्या अशी वेळ आली आणि ती गोठली, तर तिने आंघोळ करून गप्प बसू नये, मला फोन करावा म्हणून. आई-बाबांना कसं सांगायचं ते आम्ही दोघी मिळून ठरवू. हा एपिसोड त्यानंतरच, रविवारी टाकतेय. म्हणजे तुम्ही ऐकताय तेव्हा तिला माहीत झालेलं असेल.

तुम्ही कुठे शिकताय, काय शिकताय, पहिल्या दिवशी कसे आपटलात, मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या रविवारी भेटूच. काळजी घ्या, आणि घरी पोचलात की मेसेज टाका!